बायबल शतकानुशतकं हाताने कॉपी होत आलं, मग मूळचं आज कितपत उरलंय?

हाच प्रश्न मी नववीत विचारला होता आणि बोलणी खाल्ली होती, म्हणून लिहितेय.

आमच्या नगरच्या संडे स्कूलला मोठे काकाच शिकवायचे. व्यभिचारात धरलेल्या बाईची गोष्ट चालू होती, पहिला दगड कोणी टाकायचा ती. माझ्या शास्त्रात, म्हणजे बायबलात, अख्खी गोष्ट कंसात होती. मी विचारलं, काका, हा कंस कशाला? तर म्हणाले, शास्त्रातला कानामात्रासुद्धा बदललेला नाही, खाली बस. वर घरी येऊन आईला ऐकवलं, पोरीला शंका फार येतात.

कंसाचं कारण साधं आहे. ती गोष्ट योहानाच्या शुभवर्तमानात, म्हणजे त्याने सांगितलेल्या येशूच्या चरित्रात आहे, पण त्याच्या सगळ्यात जुन्या ग्रीक हस्तलिखितांत ती नाहीच. सिनायच्या मठात सापडलेली चौथ्या शतकातली प्रत आणि व्हॅटिकनमधली त्याच काळातली, दोन्हींत नाही, मार्कच्या शुभवर्तमानाची शेवटची १२ वचनंपण नाहीत. यावरून काहीजण लगेच म्हणतात की ३२५ला निकेयाच्या परिषदेत, बिशपांच्या सभेत, सगळं बदललं. साफ चूक, बायबलात कोणती पुस्तकं घ्यायची ती यादीसुद्धा तिथे ठरली नाही. नव्या कराराची, म्हणजे बायबलाच्या येशूपासून पुढच्या भागाची, ग्रीक हस्तलिखितं ५,००० च्या वर आहेत, त्यांच्यात फरक लाखांनी आहेत पण बहुतेक स्पेलिंगचे नाहीतर शब्द मागेपुढे झाल्याचे, आणि एका ठिकाणी कोणी काही घुसडलं तरी दुसरीकडच्या प्रतीत ते नसतं, म्हणून पकडलं जातं. तो कंस म्हणजे पकडल्याची खूण!

नवऱ्याच्या नोकरीमुळे मँचेस्टरला होतो तेव्हा जॉन रायलंड्स लायब्ररीत योहानाचा तो प्रसिद्ध तुकडा बघितला. जेमतेम एटीएम कार्डाएवढा पपायरस, दोन्ही बाजूंनी लिहिलेला, कडा कुरतडल्यासारख्या, ओळी मधेच तुटलेल्या. रोमन सुभेदार पिलात येशूची चौकशी करतो तो १८ वा अध्याय, आपण दर उत्तम शुक्रवारी ऐकतो तोच. मला रडू आलं. काकांना फोटो पाठवला, कंसाचंपण सगळं लिहिलं. त्यांनी फक्त फोटो चर्चच्या मंडळीच्या ग्रुपवर टाकला, खाली ओळ, 'कानामात्रा बदललेला नाही'.

म्हणून सांगते, कोणी असं म्हणालं तर योहान ७:५३, जिथून ती कंसातली गोष्ट सुरू होते, ते उघडून समोर धरा. आणि पोरांनी विचारलं तर त्यांना खाली बसवू नका.

हां, त्या तुकड्याला दुसऱ्या शतकातला म्हणतात ते अक्षराच्या वळणावरून, काही अभ्यासक त्याला आणखी अलीकडचा मानतात. आणि नवा करार लिहिल्यानंतरच्या पहिल्या शंभरेक वर्षांच्या प्रती जवळजवळ हातात नाहीतच, तेवढ्या काळाबद्दल मीपण छातीठोक बोलणार नाही. जुन्या कराराचं, म्हणजे येशूच्या आधीच्या भागाचं, वेगळं, तिथे १९४७ला मृत समुद्राजवळ कुमरानला सापडलेली यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाची गुंडाळी आहे, तोवर माहीत असलेल्या हिब्रू प्रतींपेक्षा हजारेक वर्षं जुनी, आणि बारीकसारीक फरक सोडले तर मजकूर बराचसा तोच.