कथेतली शिवी छापावी की तिथे फुल्या द्याव्यात?

आपल्या कथेतील यंत्रमाग कामगाराच्या तोंडच्या शिव्या 'छापण्याजोग्या नाहीत' म्हणून संपादकांनी काढायला सांगितल्या आणि त्या छापणे हा खरोखरच गुन्हा आहे का, असे आपण विचारले आहे. मी वकील नाही. सोलापुरात दिवाळी अंकांचे संपादन आणि मुद्रितशोधन करतो, त्यामुळे हा वाद दर पावसाळ्यात माझ्या टेबलावर येतो.

केवळ शिवी आली म्हणून लेखन अश्लील ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2024 मध्ये एका वेबमालिकेच्या प्रकरणात हे स्पष्ट केले की, शिवीचा शब्दशः अर्थ लैंगिक असला तरी ती देणाऱ्याच्या मनात बहुधा राग किंवा वैताग असतो, म्हणून असभ्यता आणि अश्लीलता एक मानता येत नाही. माग चालू असताना धागा सारखा तुटतो आणि आपला कामगार मालकाच्या नावाने जे बोलतो, ते याच जातीचे आहे. मात्र त्याच न्यायालयाने 2015 मध्ये, वसंत दत्तात्रेय गुर्जर यांच्या 'गांधी मला भेटला' या कवितेच्या खटल्यात, आदरणीय ऐतिहासिक व्यक्तीच्या तोंडी असे शब्द घातल्यास कसोटी अधिक कडक होते, असे म्हटले. म्हणजे काल्पनिक कामगाराला जी मोकळीक आहे, ती महापुरुषाचे नाव घेऊन मिळणार नाही.

जातिवाचक शिवीच्या बाबतीत मी स्वतः फार सावध असतो. पात्राच्या तोंडून समाजाचे क्रौर्य दाखवण्यासाठी ती आली असेल, तर मी ठेवतो; केवळ विनोदासाठी किंवा ठसका म्हणून आली असेल, तर लेखक कितीही मोठा असो, काढतो. अनुसूचित जाती-जमातींतील प्रत्यक्ष माणसाला लोकांसमक्ष अशी शिवी देणे 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, आणि गुन्हा नसता तरी माझा निर्णय हाच राहिला असता.

खरे सांगायचे तर, संपादकांची अडचण बहुतेक वेळा कायद्याची नसतेच. दिवाळी अंक चालतो तो सराफ, पतसंस्था आणि चादरवाले यांच्या जाहिरातींवर, आणि अंक त्यांच्या घरी सर्वांसमोर उघडला जातो. ही अडचण खोटी नाही, पण तिला 'अश्लीलता' म्हणणे बरोबर नाही. गंमत अशी की, सोलापूरच्या पूर्व भागातील, म्हणजे तेलुगू भाषक विणकरांच्या वस्तीतील, कथेत तेलुगू किंवा कन्नड शिवी असली, की ती बिनबोभाट छापली जाते, कारण मराठी मुद्रितशोधकाला ती कळत नाही. पूर्व भागातील वाचकाला मात्र ती पहिल्याच ओळीत कळते.

फुल्यांच्या मी विरोधात आहे. पहिले अक्षर ठेवून पुढे तीन फुल्या दिल्या, की वाचक कथा सोडून अक्षरे जुळवू लागतो, आणि जी शिवी वाक्याच्या ओघात निघून गेली असती, तीच पानावर उठून दिसते. त्यापेक्षा 'त्याने मालकाच्या आईचा उद्धार केला' असे निवेदनात लिहावे किंवा शिवी पूर्ण छापावी.

संपादकांना प्रत्येक शिवीवर खूण केलेली प्रत पाठवा आणि कोणती काढली तर प्रसंग लुळा पडतो, ते समासात लिहा. माझ्या अनुभवानुसार दहापैकी सहा-सात शिव्या लेखक स्वतःच गाळतो. उरलेल्यांवर संपादकांशी बसून बोलता येते, आणि तरीही ते अडून राहिले, तर कथा दुसऱ्या अंकाकडे द्यावी.