अटकेची वेळ, रिकामी रायफल आणि विहिरीतला वायू

वाचकांचे प्रश्न

जालना आणि लातूरजवळचं बाभळगाव, मराठवाड्यात पोलीस शिपायांना घडवणारी ही दोन प्रशिक्षण केंद्रं. या वेळचे बरेचसे प्रश्न प्रशिक्षण घेणाऱ्यांचे आहेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेला (अटक, तपास, खटला कसा चालवायचा ते सांगणारा कायदा) खाली नुसतं ‘संहिता’ म्हटलं आहे.

अटक केलेल्याला चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करायचं, तर ते तास नेमके कुठून मोजायचे? सीनियर लोक म्हणतेत, स्टेशन डायरीला (ठाण्याच्या रोजच्या नोंदवहीत) अटक दाखवली की तिथून.
– प्रशिक्षणार्थी शिपाई, अंबाजोगाई तालुका

नाही. माणसाची मोकळीक ज्या क्षणी संपली, त्या क्षणापासून. सकाळी ९ वाजता तुम्ही त्याला शेतातून गाडीत बसवलं, ‘चौकशीला चला’ एवढंच म्हणालात, पण त्याला उतरून घरी जाता येत नव्हतं. मग अटक ९ वाजताच झाली. डायरीला रात्री ८ ची वेळ टाकली तर मधले अकरा तास बेकायदा डांबून ठेवल्याचे ठरतात. ते लपतही नाहीत. मोबाइलचं टॉवर लोकेशन, ठाण्यातला सीसीटीव्ही आणि भावाने दुपारी केलेला फोन, सगळं बचावाचा वकील न्यायालयापुढे मांडतो.

संहितेच्या कलम ५८ प्रमाणे यातून फक्त अटकेच्या जागेपासून न्यायालयापर्यंतचा आवश्यक प्रवास वजा होतो. साहेब बंदोबस्तात होते, गाडी पंक्चर झाली, सुट्टी होती, ही कारणं त्यात बसत नाहीत. दंडाधिकारी आपल्याच हद्दीचे हवेत असंही नाही, हे आता कलमातच लिहिलं आहे.

कामाचा क्रम असा ठेवा. छातीवर नावाची पट्टी स्पष्ट दिसली पाहिजे. आपण कोण, कशासाठी आलो हे आधी सांगा. अटक पंचनामा जागेवरच लिहा. त्यात तारीख आणि वेळ टाका, घरच्या माणसाची किंवा त्या वस्तीतल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही घ्या आणि अटक झालेल्याचीही घ्या. ठाण्यासमोरच्या टपरीवरचा नेहमीचा पंच इथे नको. तोच माणूस वीस गुन्ह्यांत पंच निघाला की त्याच्या शब्दाला वजन उरत नाही. मग नातेवाइकाला किंवा मित्राला कळवा आणि कुणाला, किती वाजता, कोणत्या नंबरवर कळवलं ते नोंदवा. त्यानंतर अंगझडती. बाईची अंगझडती बाईनेच घ्यायची, मर्यादा सांभाळून. लगेच सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याकडून तपासणी करून घ्या. अंगावर जुनी जखम असेल तर ती आधीच कागदावर येते आणि तुमच्यावर खोटा आळ येत नाही.

सर्वांत जास्त चुका अटकेच्या कारणांत होतात. ‘गुन्ह्यात सहभाग निष्पन्न झाल्याने अटक’ हे वाक्य कुणालाही लागू पडतं, म्हणून ते कारणच नव्हे. या माणसाने काय केल्याचं तपासात दिसतं, कशावरून दिसतं आणि अटकेची गरज का आहे, हे त्याला कळेल अशा भाषेत लेखी द्या. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये सांगितलं आहे की, जागेवर लेखी देणं अशक्य असेल तर तोंडी सांगावं, पण रिमांडसाठी, म्हणजे कोठडी मागण्यासाठी, दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करण्याच्या किमान दोन तास आधी लेखी कारणं त्याच्या हातात पडली पाहिजेत. तांड्यावरच्या माणसाला नुसती गोरमाटी, म्हणजे बंजारा बोलीच, कळत असेल, तर समजावून सांगणारा माणूस शोधा आणि त्याचीही सही घ्या.

दोन गोष्टी पाठच करा. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात अटक आपोआप होत नाही. गरज लेखी दाखवावी लागते, नाहीतर संहितेच्या कलम ३५(३) ची, ठाण्यात हजर राहण्याची नोटीस द्यायची. आणि सूर्यास्त ते सूर्योदय बाईला अटक नाही. फारच अपवादात्मक परिस्थिती असेल तर महिला पोलीस अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन दंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घ्यायची.

फिर्यादी बाई माजलगावात राहते, घटना सेलूला घडली. माजलगावच्या ठाणे अंमलदाराने काय करावं?
– एक वाचक, बीड

गुन्हा दखलपात्र (न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकतात असा) असेल तर लिहून घ्यावा, शून्य क्रमांकाने, म्हणजे हद्दीबाहेरचा गुन्हा म्हणून नोंदवावा आणि सेलूला वर्ग करावा. ‘हद्द आमची नाही’ म्हणून तिला बसने परत पाठवणं हा कायदेभंग आहे. फिर्यादीची प्रत फुकट द्यायची. लैंगिक अत्याचाराची तक्रार महिला अधिकाऱ्यानेच लिहून घ्यायची असते. अशी तक्रार लिहून घ्यायला नकार देणाऱ्या लोकसेवकाला भारतीय न्याय संहितेच्या (गुन्हे आणि शिक्षा सांगणारा वेगळा कायदा) कलम १९९ खाली किमान सहा महिने, कमाल दोन वर्षं सक्तमजुरी आहे.

गार्ड बदलताना ‘रिकामी आहे’ म्हणून रायफल हातात देतेत. तपासली तर त्यांना राग येतो. काय करावं?
– प्रशिक्षणार्थी, हिंगोली

तपासा, दर वेळी. देणाऱ्यानेही तुमच्यासमोर तपासूनच दिली पाहिजे. यात कुणाचा अपमान नाही.

रायफल एसएलआर असो की इन्सास, क्रम एकच. नळी सुरक्षित दिशेला, वाळूच्या पोत्यांकडे असेल तर उत्तम. बोट ट्रिगरच्या बाहेर. आधी मॅगझिन (गोळ्यांची पेटी) काढायचं. मग कॉकिंग हँडल पूर्ण मागे ओढून धरायचं, चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या, गोळी बसते त्या जागेत) डोळ्याने पाहायचं आणि अंधार असेल तर करंगळीने चाचपायचं. मगच हँडल सोडायचं, नळी त्याच दिशेला ठेवून ट्रिगर दाबायचा आणि सेफ्टी लावायची.

जीव जातो तो हा क्रम उलटा झाल्यामुळे. आधी कॉक केलं, म्हणजे हँडल ओढलं, की चेंबरमधला राउंड (गोळी) बाहेर उडतो, आणि हँडल पुढे जाताना मॅगझिनमधला दुसरा आत जातो. मग मॅगझिन काढलं की रायफल रिकामी दिसते, पण चेंबर भरलेलं असतं. ‘रिकाम्या’ रायफलीतून गोळी सुटते ती अशी. उडालेला राउंड हवेत झेलायला जाऊ नका, कारण त्या नादात नळी फिरते. राउंड नंतर उचला आणि मोजून नोंद करा.

रात्रीच्या नाकाबंदीत शिपायाने कुठं उभं राहावं? आमच्याकडं उसाच्या ट्रॉल्या रात्रभर चालतेत.
– पोलीस पाल्य, परळी

गाडीच्या समोर कधीच नाही. ताशी ८० किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. चालकाने पाहून ब्रेक दाबेपर्यंत दोन-अडीच सेकंद, म्हणजे ५० मीटर तिथेच गेले. गाडी थांबायला पुढे जवळपास तेवढंच अंतर, भरलेल्या ट्रकला त्याहून जास्त. म्हणून चमकणारा पहिला इशारा बॅरिकेडच्या किमान दीडशे मीटर आधी लावा. जागा सरळ आणि उजेडाची निवडा. वळणावर, पुलाच्या तोंडाशी किंवा उताराखाली नाकाबंदी लावू नका. बॅरिकेड एका रेषेत न लावता आडवेतिडवे लावा, म्हणजे गाडी आपोआप हळू होते. रिफ्लेक्टर जॅकेट घाला. टॉर्च चालकाच्या डोळ्यांवर मारू नका, त्याला काही सेकंद काहीच दिसत नाही.

गाडी पूर्ण डाव्या कडेला, डांबराच्या खाली घ्यायला लावा आणि डावीकडच्या खिडकीतून बोला. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. त्याच्या खिडकीशी उभं राहिलात तर तुमची पाठ वाहत्या रस्त्याकडे होते. हा धडा वर्गात क्वचितच सांगितला जातो, आणि तो सांगायलाच हवा.

उसाची ट्रॉली मात्र रस्त्यावर उभी करूच नका. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर पाचटाखाली झाकलेला, मागून येणाऱ्या दुचाकीला ती दिसतच नाही. तपासायचीच असेल तर मोकळ्या जागेत उतरवून घ्या. गाडी न थांबता निघून गेली तर बोनेटला लटकू नका, तिच्या आडवे धावू नका. नंबर, रंग आणि दिशा वायरलेसवर सांगा, पुढचा पॉइंट ती अडवेल.

विहिरीत प्रेत असल्याचा फोन आला तर पहिल्यांदा काय?
– प्रशिक्षणार्थी महिला शिपाई, नांदेड

पहिल्यांदा सगळ्यांना काठावरून मागे घ्या आणि कुणालाही खाली उतरू देऊ नका, पट्टीच्या पोहणाऱ्यालाही नाही. खोल, बंदिस्त, बऱ्याच दिवसांपासून न उपसलेल्या विहिरीत कार्बन डायऑक्साइड आणि सडण्यातून निघणारे विषारी वायू तळाशी साठतात. आत डिझेल इंजिन चाललं असेल तर कार्बन मोनॉक्साइडही असतो. पहिला उतरतो, दोन श्वासांत कोसळतो, त्याला काढायला भाऊ उतरतो, मग पुतण्या. एका प्रेताची तीन होतात ती अशी. कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत पुरेशी नाही. दिवा जळत असला तरी विषारी वायू असू शकतो, आणि पेटणारा वायू असेल तर भडका उडतो. अग्निशमन दलाला बोलवा. गळ आणि दोरांनी बाज सोडून प्रेत वरूनच काढता येतं.

दुसरा धोका मोटारीचा. शेतीची थ्री-फेज लाइट बऱ्याचदा रात्री येते आणि स्टार्टरला ऑटो स्विच असतो. लाइट आली की मोटार आपोआप सुरू होते, आणि केबलचं इन्सुलेशन गेलेलं असेल तर पाण्यात करंट उतरतो. बटण बंद करून भागत नाही. पेटीतले तिन्ही फ्यूज काढायला लावा, ते आपल्या खिशात ठेवा.

मग कागद. संहितेच्या कलम १९४ प्रमाणे कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना, म्हणजे बहुधा तहसीलदारांना, लगेच कळवा. गावातल्या दोन किंवा अधिक प्रतिष्ठित माणसांसमोर मरणोत्तर पंचनामा करा. काठावरच्या चपला, दोरी, कीटकनाशकाचा डबा यांना हात लावण्याआधी फोटो काढा. बांगड्या फुटलेल्या आहेत का, नखांत माती आहे का, मानेवर वळ आहे का, हे दिसतं तसं लिहा. ‘बुडून मृत्यू’ असा निष्कर्ष पंचनाम्यात लिहू नका, तो डॉक्टरांचा विषय. मृत बाईचं लग्न होऊन सात वर्षं झाली नसतील तर ते पहिल्याच ओळीत नोंदवा, कारण मग शवविच्छेदन टाळता येत नाही. अहवाल चोवीस तासांत जिल्हा दंडाधिकारी किंवा उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे पोचला पाहिजे.