‘हे युद्ध तेलासाठीच’ असं कुणी म्हणालं, तर ते पारखायचं कसं?

तुमचा प्रश्न असा आहे: कोल्हापुरात बिंदू चौकातल्या सभेपासून मिसळीच्या टेबलापर्यंत एकच वाक्य ऐकू येतं, की अमेरिका कुठंही सैन्य घालते ती तेलासाठीच. यात खरं किती, आणि सामान्य माणसानं ते तपासायचं कसं?

बोलणाऱ्याला आधी एवढंच विचारा, की ‘तेलासाठी’ म्हणजे नेमकं कशासाठी? तेल उचलून न्यायला? आपल्या कंपन्यांना ठेके मिळवून द्यायला? तेलाची वाट आणि बाजार चालू ठेवायला? की ते तेल दुसऱ्या कुणाच्या मुठीत जाऊ नये म्हणून? हे चार वेगळे आरोप आहेत आणि चौघांचा पुरावा वेगळा लागतो. सभेत मांडला जातो पहिला, टाळ्या मिळतात त्यालाच, आणि पुराव्याला सगळ्यात कच्चा तोच असतो.

तिसऱ्या आरोपाला तर ‘छुपा हेतू’ म्हणताच येत नाही. राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी 23 जानेवारी 1980 च्या भाषणात उघड सांगितलं, की इराणच्या आखातावर बाहेरच्या सत्तेनं ताबा मिळवायचा प्रयत्न केला तर अमेरिका लष्करी बळासह हवं ते वापरून तो परतवेल. 1987 साली कुवेतच्या तेलवाहू जहाजांवर अमेरिकी झेंडा लावून त्यांचं नौदल सोबत चाललं. 15 जानेवारी 1991 ला, कुवेत युद्धाच्या तोंडावर, थोरल्या बुश यांनी सही केलेल्या सुरक्षा आदेशाची सुरुवातच आखातातलं तेल मिळत राहणं देशाच्या सुरक्षेसाठी अत्यावश्यक असल्याच्या विधानानं होते. आपलं नौदलही 2019 पासून ‘ऑपरेशन संकल्प’खाली भारतीय जहाजांना त्या भागात सोबत करतं. आखाताच्या तोंडाशी असलेल्या होर्मुझच्या सामुद्रधुनीतून दिवसाला साधारण 2 कोटी बॅरल तेल जात आलंय, म्हणजे जगाच्या वापराचा पाचवा हिस्सा. एक बॅरल म्हणजे 159 लिटर. तिथं आग लागली की आपल्या ट्रॅक्टरच्या डिझेलपर्यंत तिची झळ येते.

ठेक्यांचा आरोप तपासायचा तर कराराचा प्रकार बघावा लागतो, आणि लोक नेमके इथंच घसरतात. आपल्याकडच्या शेतीवरून हे चटकन कळेल. खंडानं घेतलेल्या रानात पीक सगळं कसणाऱ्याचं, मालकाला ठरलेला खंड. तेलात याला कन्सेशन म्हणतात. जुन्या काळी इराण-इराकमध्ये हेच होतं. वाट्यानं लावलेल्या रानात खर्च वजा करून पीक वाटून घेतात. ते प्रॉडक्शन शेअरिंग. आणि ऊसतोड टोळीला टनामागं मजुरी मिळते, ऊस तिचा होत नाही; तो सर्व्हिस काँट्रॅक्ट. ‘कंपनीला विहिरी मिळाल्या’ अशी बातमी आली, की यातलं काय मिळालं ते शोधा.

इराकचंच बघा. 2003 च्या युद्धानंतर, 30 जून 2009 च्या लिलावात रुमैला हे प्रचंड तेलक्षेत्र ब्रिटनची बीपी आणि चीनची सरकारी तेल कंपनी सीएनपीसी यांना गेलं, पण टोळीच्या मजुरीवर. त्यांनी बॅरलमागं 3.99 डॉलर मागितले होते, इराकी मंत्रालयानं 2 डॉलरवर आणलं. तेव्हा तेलाचा भाव 70 डॉलरच्या आसपास होता. शिवाय हे 2 डॉलर फक्त वाढीव उत्पादनावर. झालेला खर्च वेगळा परत. दिवसाला साधारण 10.66 लाख बॅरलवरून 28.5 लाखांवर न्यायचं ठरलं होतं. तसं झालं असतं तरी वाढीव 17.8 लाख बॅरलचे दिवसाला 35.7 लाख डॉलर होतात. त्यातून इराकी सरकारी भागीदाराचे 25 टक्के आणि उरलेल्यावर 35 टक्के कर काढला, की दोन्ही कंपन्यांना मिळून 17 लाखांच्या आसपास उरतात. प्रत्यक्षात ते उद्दिष्ट गाठलंच नाही, पुढं ते खाली आणावं लागलं. डिसेंबर 2009 च्या दुसऱ्या फेरीत रशियाच्या लुकऑइलनं आपल्या नॉर्वेजियन भागीदारासह पश्चिम कुर्ना-2 हे क्षेत्र 1.15 डॉलरवर घेतलं, मलेशियाच्या पेट्रोनासलाही ठेके मिळाले. अमेरिकेच्या एक्झॉननं घेतलेलं पश्चिम कुर्ना-1 सुद्धा 2024 पासून चीनच्या पेट्रोचायनाकडं आहे. ‘अमेरिकेनं इराकचं तेल लुटलं’ हे वाक्य या आकड्यांपुढं टिकत नाही.

पण इथं उलटी चूकही होते. ‘अमेरिकेनं तिथं 800 अब्ज डॉलर घालवले, मिळालं काय? मग युद्ध तेलासाठी नव्हतंच,’ असं काही जण म्हणतात. अमेरिकी संसदेच्या संशोधन विभागानं 2014 पर्यंतचा इराकचा खर्च 815 अब्ज डॉलर धरलाय, आकडा बरोबरच आहे. तर्क मात्र लंगडा आहे, कारण पैसे भरले करदात्यानं आणि कामं मिळाली पुरवठादारांना, ठेकेदारांना. तोटा एकाचा आणि फायदा दुसऱ्याचा असू शकतो. शिवाय युद्ध ठरवताना लोकांच्या मनात काय होतं, हे ते फसल्यानंतरच्या हिशेबावरून कळत नाही. त्यासाठी युद्धाआधीचेच कागद लागतात.

असा पक्का पुरावा कसा दिसतो ते इराणमध्ये बघायला मिळतं. 1951 साली पंतप्रधान मोसाद्देक यांच्या सरकारनं अँग्लो-इराणियन ऑइल कंपनीचं राष्ट्रीयीकरण केलं. या कंपनीत ब्रिटिश सरकारचेच बहुमताचे शेअर होते. 19 ऑगस्ट 1953 ला मोसाद्देक यांची सत्ता उलथवली गेली. 1954 साली नवा करार झाला: जुन्या ब्रिटिश कंपनीला 40 टक्के, अमेरिकी कंपन्यांना मिळून 40, शेलला 14, फ्रेंच कंपनीला 6. आधी अमेरिकी कंपन्यांचा तिथं वाटा शून्य होता. सीआयएनं आपला हात 2013 साली खुल्या झालेल्या कागदांत मान्य केला आणि अमेरिकी परराष्ट्र खात्यानं 2017 मध्ये त्या काळचा पत्रव्यवहार छापला. घटनांचा क्रम, फायदा कुणाला झाला हे, आणि करणाऱ्याचाच कागद, तिन्ही एका जागी आहेत. तरीसुद्धा ते कागद वाचताना अमेरिकी अधिकाऱ्यांची कम्युनिस्टांबद्दलची धास्ती पानोपानी दिसते. हेतू एकटा सापडणं दुर्मीळच.

इराकबाबत युद्धाआधीचं काय हाती आहे? उपराष्ट्राध्यक्ष चेनी यांच्या ऊर्जा गटाकडचे मार्च 2001 चे इराकी तेलक्षेत्रांचे नकाशे आणि तिथं ठेके मागणाऱ्या परदेशी कंपन्यांची यादी. हे 2003 साली न्यायालयीन लढ्यातून बाहेर आलं. युद्धाच्या काही महिने आधी ब्रिटिश मंत्री तेल कंपन्यांना भेटले, त्या बैठकांची टिपणं 2011 मध्ये बाहेर आली. एप्रिल 2003 मध्ये बगदादचं राष्ट्रीय संग्रहालय लुटलं जात असताना तेल मंत्रालयावर अमेरिकी पहारा होता. युद्धाचं कारण म्हणून सांगितलेले विध्वंसक शस्त्रांचे साठे मात्र सापडले नाहीत, हे अमेरिकेच्याच शोधगटानं 2004 मध्ये लिहून दिलं. यावरून तेलावर नजर होती हे सिद्ध होतं. निर्णय तेलामुळंच झाला, हे यातून सिद्ध होत नाही. दिलेलं कारण खोटं निघालं म्हणून आपण धरलेलं कारण आपोआप खरं ठरत नाही. माझं मत विचाराल तर, तेल नसतं तर इराक वॉशिंग्टनला एवढा महत्त्वाचा वाटलाच नसता. पण कंपन्यांनी हे युद्ध घडवलं असं म्हणण्याइतका कागद कुणीच दाखवलेला नाही.

हीच शंका युद्धाला विरोध करणाऱ्यांनाही लावून बघा. लुकऑइल आणि सीएनपीसीचे सद्दामशी 1997 पासून करार होते, फ्रान्सची टोटल ही कंपनी मजनून या तेलक्षेत्रासाठी बोलणी करत होती. आपल्या ओएनजीसी विदेशनं 2000 साली इराकच्या पश्चिम वाळवंटातला ब्लॉक 8 घेतला होता. बॉम्ब पडू नयेत म्हणणाऱ्यांचेही तेलात पैसे होते. म्हणून त्यांचा विरोध चुकीचा ठरत नाही, आणि हेच माप दोन्हीकडं लावायचं.

उद्धृतांबाबत फार सावध राहा. जून 2003 मध्ये ब्रिटनच्या ‘गार्डियन’नं, युद्ध तेलासाठी होतं अशी उपसंरक्षणमंत्री वुल्फोवित्झ यांनी कबुली दिल्याची बातमी चालवली. वाक्य जर्मन भाषांतरातून उलटं इंग्रजीत आलं होतं. उत्तर कोरियासारखा आर्थिक दबाव इराकवर चालत नाही, कारण तो तेलावर तरंगतोय, असं ते प्रत्यक्षात म्हणाले होते. वृत्तपत्रानं बातमी मागं घेतली, तरी ती ‘कबुली’ अजून फिरते. 2024 च्या जूनमध्ये ‘सौदीचा 50 वर्षांचा पेट्रोडॉलर करार संपला’ हा मजकूर आपल्याकडच्या ग्रुपांतही आला. 1974 मध्ये अमेरिका आणि सौदीनं आर्थिक सहकार्याचा संयुक्त आयोग नेमला होता. तेल फक्त डॉलरमध्येच विकायचं असं बांधणारा, मुदत असलेला करार नव्हता.

अफगाणिस्तानातलं युद्ध वायुवाहिनीसाठी होतं, हा दावाही असाच. युनोकॅल या अमेरिकी कंपनीनं तो प्रकल्प डिसेंबर 1998 मध्येच सोडला आणि वीस वर्षं सैन्य असूनही त्या मार्गानं अफगाणिस्तानातून वायू वाहिला नाही. उलट सीरियात 2019 साली राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी तेल आपण राखून ठेवतोय असं स्वतःच जाहीर केलं. तिथं हेतू खणून काढावा लागत नाही, फक्त ते तेल जगाच्या हिशेबात चिमूटभर आहे हे लक्षात ठेवा.

कागद घरबसल्या मिळतात: अमेरिकी परराष्ट्र खात्याचे छापील खंड, जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठातल्या नॅशनल सिक्युरिटी अर्काइव्हचे खुले दस्तऐवज, इराक युद्धाच्या चौकशीचा ब्रिटनचा 2016 चा चिलकॉट अहवाल, कंपन्यांचे वार्षिक ताळेबंद. इराणपासून सुरुवात करा. वहीत तीन रकाने आखा: घटना, तारीख, आणि त्या तारखेआधी लिहिलेला कागद. तिसरा रकाना रिकामा राहिला, तर ती ओळ बिंदू चौकात ‘मला अशी शंका आहे’ म्हणून मांडा, ‘हे सिद्ध झालंय’ म्हणून नको.