बायझंटाईन (पूर्व रोमन साम्राज्याच्या) काळात कॉन्स्टँटिनोपलमध्ये, म्हणजे आजच्या इस्तंबूलमध्ये, गहू महागला की पाव महाग व्हायचा का?

नाही, पाव वजनाने हलका व्हायचा. सहावा लिओ या सम्राटाच्या काळातल्या (इ. स. 912 च्या सुमाराच्या) 'एपार्कच्या ग्रंथा'त, म्हणजे शहरातल्या धंद्यांच्या नियमांच्या पुस्तकात, हे स्पष्ट आहे. एपार्क म्हणजे नगराचा मुख्य अधिकारी. गव्हाचा भाव हलला की भट्टीवाल्यांनी त्याच्याकडे जायचं. त्याचा सहायक खरेदीभाव बघून पावाचं नवं वजन ठरवून द्यायचा.

नफाही बांधलेला होता, आणि हा हिशेब फार नेटका आहे. एक नोमिस्मा (सोन्याचं नाणं) म्हणजे 24 केरातिया (हिशेबाचं लहान एकक) किंवा 12 मिलियारेसिया (चांदीची नाणी). एका नोमिस्माच्या गव्हामागे नफा 1 केरातिओन (केरातियाचं एकवचन). शिवाय 2 मिलियारेसिया, म्हणजे 4 केरातिया, मजुरी, जात्याची जनावरं, सरपण आणि दिवाबत्तीसाठी. म्हणजे 24 केरातियांच्या गव्हामागे भट्टीवाल्याकडे 5 केरातिया, त्यातला नफा फक्त 1.

लोकांना रोजचा पाव चुकू नये म्हणून भट्टीवाले आणि त्यांची जनावरं सरकारी वेठीतून मोकळी होती. मात्र राहत्या घराखाली भट्टी लावायला सक्त मनाई, कारण आगीची भीती. सरपण, सुकं गवतसुद्धा उघड्यावर किंवा दगडी बांधकामातच ठेवायचं. दाट वस्तीच्या शहरात मला हा नियम वजनाच्या नियमाइतकाच महत्त्वाचा वाटतो.