पोलेंझोच्या गॅस्ट्रॉनॉमी विद्यापीठाची मुलं ‘चीज’ महोत्सवात नेमकं काय करतात?

तुम्ही विचारलंय की इटलीतल्या ब्रा गावी ‘चीज’ महोत्सवाला जाणार आहात, तर पोलेंझोच्या विद्यापीठाच्या कार्यक्रमांना वेळ आणि पैसे द्यावेत का. पुढे असंही लिहिलंय, ‘की ही मुलं नुसती चीज खाऊ घालतात?’ हे उत्तर मुख्यतः त्या शेवटच्या वाक्यासाठी आहे. मी दुधाच्या पदार्थांच्या चव-चाचण्या घेते आणि हे वाक्य वर्षानुवर्षं ऐकत आलेय.

पहिली गोष्ट, पोलेंझो ही शेफ तयार करणारी शाळा नाही. 2004 साली स्लो फूड या, स्थानिक आणि पारंपरिक अन्न जपणाऱ्या चळवळीच्या पुढाकाराने ती सुरू झाली. तिथे सूक्ष्मजीवशास्त्र, अन्नाचा इतिहास, मानववंशशास्त्र, अर्थकारण आणि संवेदी विश्लेषण (चव, वास, पोत पद्धतशीरपणे तपासणं) शिकवतात. पोलेंझो ब्राच्याच हद्दीत येतं आणि स्लो फूडचं मूळ गावही ब्राच. त्यामुळे 1997 पासून दर विषम वर्षी सप्टेंबरात भरणारा ‘चीज’ महोत्सव या मुलांसाठी घरचं कार्य असतो. सम वर्षी तूरिनला स्लो फूडचाच ‘तेर्रा माद्रे’ हा अन्नमहोत्सव भरतो, तिथेही ती असतात.

आता ‘नुसतं खाऊ घालणं’ म्हणजे काय ते बघा. चीज चाखायचं टेबल नीट लावायचं तर काम आदल्या दिवशीच सुरू होतं. ‘ब्रा दूरो’ हे याच गावाच्या नावाचं कडक चीज घ्या. किमान 180 दिवस मुरवलेलं, एकेक चकती 6 ते 9 किलोची. ती केकसारखी त्रिकोणात कापायची आणि मग प्रत्येक त्रिकोणाचे मध्यापासून सालीपर्यंत लांबट काप करायचे. आडवं कापलं की एकाच्या ताटलीत सगळा मऊ गाभा जातो आणि दुसऱ्याच्या ताटलीत सालीलगतचा कोरडा, तीव्र भाग. मग दोघं एकाच चीजवरून भांडत बसतात आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. एका माणसाला एका चीजचे 15 ते 20 ग्रॅम पुरतात.

काप फ्रिजमधून थेट टेबलावर आणले तर सगळं फुकट. 4 अंशाला त्यातलं स्निग्ध घट्ट असतं, वास सुटतच नाही, जिभेला फक्त मीठ कळतं. 16 अंशांच्या आसपास आणायला तुकड्याच्या जाडीप्रमाणे तास-दीड तास लागतो. तेवढा वेळ ओलसर कापडाखाली किंवा झाकणाखाली ठेवायचं, नाहीतर कडा सुकतात. आणि सप्टेंबरातल्या दुपारी तंबूत उकडायला लागलं की उलटा घोळ होतो. पंचविशीच्या वर चीजला तूप सुटतं, पृष्ठभाग चकाकायला लागतो, पोत पिठूळ लागतो. एकदा तसं झालं की परत थंड करून उपयोग नाही, नवे काप काढायचे.

क्रम ताज्याकडून मुरलेल्याकडे आणि निळ्या बुरशीचं सगळ्यात शेवटी. निळं आधी दिलं तर पुढचं काहीही पांचट लागतं. मध्ये साधं पाणी, बिनमिठाचा पाव किंवा सफरचंदाची फोड. द्राक्षं ठेवू नयेत, त्यांची साखर आणि सालीचा तुरटपणा दोन्ही तोंडात रेंगाळतात.

टेबलावर सगळ्यात आधी करावी अशी गोष्ट म्हणजे नाक चिमटीत धरून चावणं. दहा-बारा वेळा चावलं तरी खारट, आंबट, थोडं गोड याशिवाय काही कळत नाही. मग चिमटी सोडायची आणि तोंड मिटूनच श्वास नाकावाटे बाहेर सोडायचा. त्या क्षणी वाळलेलं गवत, भाजके दाणे, गोठा, उकळलेलं दूध असं सगळं टाळ्यामागून वर येतं. माणसं दचकून शेजाऱ्याकडे बघतात. ज्याला आपण चव म्हणतो त्यातलं बरंचसं वासाचं असतं, हे सांगून पटत नाही, चिमटी सोडली की पटतं.

‘चव ज्याची त्याची, त्यात मोजायचं काय?’ असं म्हणणाऱ्यांसाठी त्रिकोणी चाचणी आहे. तीन नमुने द्यायचे, दोन सारखे, एक वेगळा. वेगळा कोणता ते ओळखायचं. नमुन्यांना तीन आकडी, कसाही निवडलेला अंक द्यायचा. 1-2-3 किंवा अ-ब-क दिलं की लोक पहिल्यालाच झुकतं माप देतात. मांडणीचे सहा क्रम होतात, म्हणून माणसं सहाच्या पटीत बसवतात. 24 जण असतील तर नुसत्या अंदाजाने 8 जण बरोबर येतील. 13 किंवा जास्त बरोबर आले तरच फरक खरोखर कळतोय असं पाच टक्क्यांच्या पातळीवर म्हणता येतं, म्हणजे नुसत्या अंदाजाने तसं घडायची शक्यता पाच टक्क्यांहून कमी असते. आवड ज्याची त्याची, हे मान्य. पण फरक कळतो की नाही, हे मोजता येतं आणि मोजायलाच हवं.

इथे डोळे फार फसवतात. कुरणात चरलेल्या गाईच्या दुधाचं चीज हिवाळ्यातल्या कडब्यावरच्या दुधापेक्षा पिवळं दिसतं, कारण हिरव्या चाऱ्यातलं बीटा-कॅरोटीन हे पिवळसर रंगद्रव्य. (शेळीचं पांढरंच राहतं, शेळी त्याचं जीवनसत्त्व अ करून टाकते.) प्रयोगशाळेत लाल दिव्याखाली रंग लपवतात. तंबूत ते जमत नाही, तिथे डोळे मिटून खायला सांगणं एवढंच हातात असतं.

तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. विद्यापीठाचे विद्यार्थी ‘पर्सनल शॉपर’ म्हणून छोट्या गटांना स्टॉलवरून फिरवतात, तो उपक्रम इटालियन न येणाऱ्याने जरूर घ्यावा. उत्पादकाला नेमकं काय विचारायचं ते त्यांना ठाऊक असतं: दूध कच्चं की पाश्चराइज्ड, विरजण स्वतःचं की पाकिटातलं, जनावरं उन्हाळ्यात डोंगरावर जातात का. 2017 मध्ये तर या महोत्सवात फक्त कच्च्या दुधाच्या चीजला जागा होती, इतका हा प्रश्न तिथे जिव्हाळ्याचा आहे. शिवाय विद्यापीठाचा ‘ग्रानाइ देल्ला मेमोरिया’ म्हणजे स्मृतींची कोठारं हा प्रकल्प आहे. त्यात मेंढपाळ, शेतकरी, कारागीर यांचं बोलणं व्हिडिओवर जपून ठेवतात. त्यातलं जमेल तेवढं जाण्याआधी बघून घ्या, मग स्टॉलमागचा माणूस वेगळा दिसेल.

शाकाहारी असाल तर हे आधी वाचा. इटलीतली बहुतेक पारंपरिक चीजं वासराच्या, कोकराच्या किंवा करडाच्या जठरातल्या रेनेटने, म्हणजे दूध घट्ट करणाऱ्या द्रव्याने, जमवतात. पार्मिज्जानो रेज्जानोसुद्धा. ‘व्हेजिटेरियन आहे का?’ असं विचारलंत तर दुधाचं आहे म्हणून ‘हो’ म्हणतील. विचारायचं ते ‘काल्यो वेजेताले?’ म्हणजे वनस्पतीचं रेनेट का. काही चीजं काटेरी फुलांच्या अर्काने जमवतात, ती मिळतात, थोडी कडसर लागतात.

रस्त्यावरच्या बाजारात फिरायला पैसे लागत नाहीत, चाखण्याच्या कार्यशाळांना लागतात आणि जागा लवकर भरतात. कार्यक्रम दर खेपेला बदलतो, तेव्हा नोंदणीआधी त्या वर्षीचं वेळापत्रक बघा. बरोबर कुणी गर्भवती असेल तर कच्च्या दुधाच्या मऊ, ताज्या चीजपासून लांबच ठेवा, लिस्टेरिया या जिवाणूच्या संसर्गाचा धोका असतो. आणि त्या दिवशी सकाळी अत्तर लावू नका. तुमच्याबरोबर शेजारच्या चौघांचंही नाक बाद होतं.