अध्यक्षीणबाईंचे यजमान

प्रश्न : आमची मंडळी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या ग्रामपंचायतीची अध्यक्ष झाली. लोक मात्र कामं घेऊन माझ्याकडेच येतात. मी मीटिंगला बसलो तर चालेल का?

उत्तर : ग्रामसभेला खुशाल बसा, मतदार म्हणून तो तुमचा हक्कच आहे. पंचायतीच्या सभेत मात्र सदस्य नसलेल्या यजमानांना कामकाजात बोलता येत नाही. कर्नाटकात पंचायतीच्या निम्म्या जागा महिलांना आहेत, त्या यजमानांसाठी नव्हेत!

खरी गोम डिजिटल सहीच्या डोंगलात, म्हणजे सहीसाठी संगणकाला लावायच्या छोट्या उपकरणात आहे. बिलं अध्यक्ष आणि पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) या दोघांच्या सहीनं निघतात. डोंगल तुमच्या शर्टाच्या खिशात आणि पिन तुम्हाला पाठ, असं असेल तर उद्या ऑडिटचा आक्षेप अध्यक्षीणबाईंच्याच नावावर येईल. दोन्ही त्यांच्याकडेच राहू द्या.

ठरावाची वही कन्नडमध्ये असते. सहीआधी पीडीओंकडून प्रत्येक ठराव वाचून, मराठीत समजून घ्यायला त्यांना सांगा. शेवटच्या ठरावाखाली कोरी जागा उरली तर तिथं तिरकी रेघ मारायची, नाहीतर मागाहून एखादा ठराव घुसतो.

दारात आलेल्याला चहा द्या, तक्रार नाव-तारखेसह लिहून घ्या. "करून टाकतो" एवढं मात्र म्हणू नका.