झेंड्यांपासून सहा हात

मे महिन्यातली पोहण्याची समर बॅच संपत आली की समुपदेशक म्हणून माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो. कोचनी सांगितलेलं असतं, "पोरीच्या अंगात पाणी आहे, टीमला टाका." आईबाबा दोन दिवस खूश असतात आणि तिसऱ्या दिवशी धास्तावतात. पहाटे उठून शाळेत पेंगेल का? अभ्यासाचं काय? क्लोरीनने केसांची वाट लागेल का? आणि सगळ्यात शेवटी, निघताना, चपला घालता घालता : "मॅडम, हरली तर खचणार नाही ना?" खरा प्रश्न बहुतेकदा दाराशीच निघतो.

यंदा एका आठवड्यात तीन पालकांनी तो विचारला, म्हणून मासोळीची गोष्ट सांगते. तिची आजी तिला याच नावाने हाक मारायची. बाकी ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

वय अकरा. ५० मीटर बॅकस्ट्रोक, म्हणजे उताणं पोहणं, सरावात ४१ सेकंदांत, स्पर्धेत ४४. स्पर्धेच्या आदल्या रात्री पोटदुखी ठरलेली. डॉक्टरांनी तपासून काही निघालं नाही, तेव्हा माझ्याकडे आली. सरावावरून थेट आली होती. केस ओले, डोळ्यांभोवती गॉगलची लाल कडी. बाबांच्या हातात फाइल होती, टायमिंगची.

"वीरधवल खाडे सोळाव्या वर्षी बीजिंग ऑलिंपिकला पोहला," ते म्हणाले. "आपल्या कोल्हापूरचा मुलगा. म्हणजे हिच्याकडे पाच वर्षं आहेत."

"ती काय म्हणते?"

"ती म्हणते मजा येते. पण नुसती मजा करून कसं चालेल?"

'हवंच' या हट्टातून त्रास जन्मतो असं सांगणारे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांवर माझा पिंड पोसला आहे, त्यामुळे माणूस बोलायला लागला की मी 'च' शोधते. 'जिंकले तर आवडेल' आणि 'जिंकायलाच हवं' यांत फरक म्हटला तर एका अक्षराचा. पण पोटात गोळा येतो तो त्या अक्षरानेच. मराठीने ही सोय आयतीच करून ठेवली आहे. दोन भेटी मी मासोळीच्या बोलण्यात तो 'च' शोधला. सापडेना. हरण्याचं तिला फारसं काही नव्हतंच. "शेजारच्या लेनमधली माझ्याहून फास्ट आहे," ती सांगायची, "पण टर्नला दरवेळी पाणी पिते." आणि खुदकन हसायची.

तिसऱ्या भेटीत मी स्पर्धेचा विषय सोडून दिला. म्हटलं, "मला पोहता येतं, पण उताणं नाही जमत. भिंत आली हे तुला कसं कळतं?"

तिचा चेहरा खुलला. "वर झेंड्यांची दोरी असते ना! भिंतीच्या पाच मीटर आधी. झेंडे आले की हात मोजायचे. माझे सहा. सहाव्याला भिंत."

"स्पर्धेतही सहाच?"

ती टेबलावर बोट फिरवत राहिली.

"स्पर्धेत मोजायचं राहतं."

"का गं?"

"बाबा दिसतो."

मला काही उमगेना. तेव्हा तिने खुर्चीतच मान मागे टाकली आणि छताकडे बघत म्हणाली, "बाकीच्या स्ट्रोकमध्ये तोंड पाण्यात असतं. माझं वर. बाबा गॅलरीत स्टॉपवॉच घेऊन उभा असतो. त्याचा चेहरा बघितला की कळतं, किती लागले ते."

मी पेन खाली ठेवलं. 'च' होता वर गॅलरीत, आणि मी दोन भेटी पाण्यात गळ टाकून बसले होते! इतकी वर्षं हे काम करूनही मूल समोर बसलं की दुखणं त्याच्यातच आहे असं आपण धरून चालतो. त्या दिवशी तिने मला शिकवलं, आणि तिला बोलतं करणारा प्रश्न मला सुचला याचं थोडं श्रेय मी घेते.

पुढच्या वेळी बाबांना एकट्यांना बोलावलं. तीन गोष्टी सांगितल्या. स्टॉपवॉच घरी ठेवा, वेळ मोजायला तिथे पंच असतात. स्कूटरवरून परतताना टायमिंगचा विषय तुम्ही काढू नका, तिने काढला तर ऐका. आणि तुम्ही स्वतः शिकाऊ बॅचला नाव घाला. तिसरी गोष्ट त्यांना चेष्टा वाटली. त्यांना पोहता येत नव्हतं.

आता इतर पालकांसाठी. टीमला जरूर टाका. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट असतं, त्यामुळे प्रत्येक हात मारताना सगळ्या अंगाला मेहनत पडते. आणि शरीर तरंगत असल्याने गुडघ्या-घोट्यांना मार बसत नाही. मुरलीकांत पेटकर यांच्याकडे पोहणं आलं तेच १९६५च्या युद्धातल्या जखमांनंतर, उपचार म्हणून. १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये त्याच पाण्याने त्यांना सुवर्णपदक दिलं. मला स्वतःला सगळ्यात मोलाचा वाटतो तो श्वास. पाण्यात तो सावकाश सोडावाच लागतो, घाबरून कोंडला की दमछाक होते. (इथला 'च' मला मान्य आहे.) चिंतातुर मुलांना मी एवढ्यासाठीसुद्धा तलावावर धाडते. शिवाय रिले. एरवी आपापल्या लेनमध्ये एकटी पोहणारी पोरं तेव्हा ब्लॉकवर निथळत उभी राहून मैत्रिणीचा हात भिंतीला कधी लागतो याकडे डोळे लावून असतात. शाळेबाहेरची दोस्ती तिथे होते.

घाई मात्र नको. न थांबता, न धापा टाकता २५ मीटर होत नसतील तर आणखी एक सीझन साध्या बॅचला राहू द्या. नाव घालण्याआधी दोन दिवस बाकावर बसून सराव बघा : मागे पडलेल्या मुलाशी कोच कसे बोलतात? चारचौघांत पाणउतारा करत असतील तर पदकांची भिंत बघून भुलू नका. या वयाला रात्रीची किमान नऊ तास झोप लागते. पहाटेच्या बॅचसाठी साडेआठला दिवे बंद होणार नसतील तर संध्याकाळची बॅच घ्या. टोपीआधी केस साध्या पाण्याने भिजवा, क्लोरीन कमी शोषलं जातं. आणि तलावात पदक मिळालं तरी नदीत, समुद्रात मूल एकटं सोडायचं नाही.

मासोळी पुढच्या स्पर्धेत पाचवी आली. ४१.२. पोट दुखलं, पण थोडं, आणि सकाळी इडली खाऊन गेली.

डिसेंबरात बाबांचा फोन आला. आवाजात लहान मुलाचा आनंद. "मॅडम, आज २५ मीटर झाले. मध्ये एकदाच दोरी धरली."

"लेक काय म्हणाली?"

"काठावर उभी होती. म्हणाली, बाबा, दोरी ओढलीस. तू बाद."